शेवटचा पाना

आमच्या आप्पांचं म्हणणं असं, की माणसाला आपल्या गाडीची चार कामं घरी करता आली पाहिजेत आणि पाचव्या कामाला हात लावायचा नाही हे कळलं पाहिजे. छत्तीस वर्षं ते बसडेपोत मेकॅनिक होते, शेवटची अकरा हेडमेकॅनिक. निवृत्त झाले आणि दोनशे बसगाड्यांची हौस माझ्या एका छोट्या गाडीवर भागवायला लागले. दर तीन महिन्यांनी शनिवारी सकाळी मी गाडी त्यांच्या इमारतीच्या आवारात नेऊन लावायची आणि रविवारी घेऊन जायची. तेल, कूलंट, ब्रेक ऑईल, हवा, बॅटरीची टोकं, सगळं ते बघायचे. सहा महिन्यांनी पुढची चाकं मागे, मागची पुढे. सर्व्हिसिंगला गाडी बाहेर द्यायचा विषय मी एकदाच काढला होता. त्यावर आप्पा म्हणाले होते, "दे की. आणि जेवायलाही बाहेरच जात जा."

नियम त्यांनी मला तोंडपाठ करून घेतले होते. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, उचलायच्या नाहीत त्या चाकांना लाकडी ठोकळे. इंजिन गरम असताना पाण्याचं झाकण उघडायचं नाही. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, आधी स्टँड. नट सैल करायचे ते गाडी उचलायच्या आधी. चाक हवेत असताना ते नुसते बसवायचे, आणि चाक जमिनीला टेकलं की मग समोरासमोरचे धरून घट्ट आवळायचे. याला ते 'शेवटचा पाना' म्हणायचे. "सगळं करून सवरून शेवटचा पाना राहिला, तर काहीच न केलेलं बरं होतं," हे वाक्य मी लग्नाआधीपासून ऐकत आलेय.

आई गेली त्याला सात महिने झाले. मी रडले नाही. लोकांनी मला खंबीर म्हटलं, मीही मानून घेतलं. खरं तर खंबीर वगैरे काही नव्हतं, आतून काही येतच नव्हतं. मी दवाखान्यात एक्स-रे काढते. दिवसाला चाळीस-पन्नास माणसांची हाडं बघते, आणि कुणी विचारलं, "ताई, काय दिसतंय?" तर म्हणते, "डॉक्टर सांगतील." बघायचं आणि काही वाटून घ्यायचं नाही याची सवय हाताला आहे, ती घरीही लागली असावी. नवरा एकदा म्हणाला, "अगं, भांड तरी माझ्याशी." भांडायलाही काही तरी वाटावं लागतं.

त्या रविवारी दहाच्या सुमाराला मी आप्पांकडून गाडी घेतली. त्यांनी किल्ली दिली, म्हणाले, "चाकं फिरवलीत." मी बरं म्हटलं. सात वर्षांची माझी चिमी मागे डाव्या बाजूला बसली, पट्टा लावला, आणि आम्ही निघालो. तिला पोहण्याच्या वर्गाला सोडायचं होतं. पोहण्याचा तलाव गावाबाहेर, मोठ्या रस्त्यावरून वीस मिनिटं.

मोठ्या रस्त्याला लागायच्या अलीकडेच स्टिअरिंग थरथरायला लागलं. आधी वाटलं रस्ता खराब आहे. मग डावीकडून धडधड ऐकू आली. मी काट्याकडे बघितलं, पंचेचाळीस. चिमी म्हणाली, "आई, गाडीला ताप आलाय." मी पाय उचलला, ब्रेक हळूच दाबला आणि गाडी कडेला घेतली. भीती वाटली नाही. वाटायला हवी होती हे कळत होतं, तेवढंच.

वीस पावलांवर एक पंक्चरवाला होता. तो आला, उकिडवा बसला, पुढच्या डाव्या चाकाची प्लॅस्टिकची झाकणी त्यानं ओढून काढली. झाकणीतून एक नट घरंगळत त्याच्या तळहातावर पडला. उरलेले तीन त्यानं बोटांनी फिरवून दाखवले. ते बोटांनी फिरत होते.

"चाक कुणी काढलं होतं?" त्यानं विचारलं.

"घरीच."

"घरी म्हणजे कुणी?"

"वडिलांनी. मेकॅनिक आहेत ते."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग बाकीची चाकं तपासून आला. उजवीकडची दोन्ही कडक होती. डावीकडची दोन्ही सैल. त्यानं नट बसवले, एकेक करून आवळले, पान्यावर पाय देऊन खात्री केली. "ताई, मोठ्या रस्त्यावर ऐंशीनं निघाला असता ना," तो म्हणाला, आणि चिमीकडे बघून गप्प बसला. मग एवढंच म्हणाला, "काळ आला होता, वेळ आली नव्हती. हळू जा. पन्नासेक किलोमीटर झाले की परत एकदा आवळून घ्या." पैसे घेईना. मी त्याच्या पेटीवर ठेवले.

पोहायला न जाता मी गाडी उलटी वळवली. चिमीनं का म्हणून विचारलं तर म्हटलं, आजोबांकडे काम राहिलंय.

आप्पांच्या इमारतीत तळमजल्यावर निवृत्त शाळामास्तरीणबाई राहतात. आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो. त्यांची खिडकी आवारातच उघडते, आणि त्या खिडकीतून काही सुटत नाही. मला अर्ध्या तासात परत आलेली बघून त्या पायऱ्यांवर आल्या. "काय गं, विसरलीस काही?"

मी सांगितलं. डावीकडचे आठही नट सैल होते, एक निघून पडला होता. एक्स-रे काढताना "श्वास रोखून धरा" म्हणते त्याच आवाजात सांगितलं असेन, कारण बाईंना आधी नीट कळलंच नाही. कळलं तशा त्या पायरीवर बसल्या.

"काल त्यांनी तुझ्या आईला हाक मारली," त्या म्हणाल्या.

"कुणी?"

"तुझ्या आप्पांनी. डावीकडची चाकं झाली, गाडी खाली घेतली, आणि वर बघून ओरडले, 'चहा टाक गं!' मग परत एकदा. मग तसेच उभे राहिले. हातातला पाना डिकीत ठेवला आणि जिना चढून गेले. मी खिडकीत होते. मला काही सुचलं नाही गं."

मी चिमीच्या पोहण्याच्या पिशवीचा बंद हाताला गुंडाळत होते. गुंडाळून झाला, सोडला, परत गुंडाळला.

"आणि तुला आता सांगते," बाई म्हणाल्या. "आईनं तुझी शपथ घातली होती, कुणाला बोलू नका म्हणून. दोन वर्षं ती त्यांच्या मागून सगळं तपासायची. ते काम आटपून वर गेले, जेवून आडवे झाले, की ही केराची बादली घेऊन खाली यायची. बादलीत पाना! एकेक नट ओढून बघायची. तेलाचं झाकण, पाण्याचं झाकण, सगळं. मी म्हटलं, हे काय चाललंय? तर म्हणाली, 'तुम्ही नाही का पोरांचे पेपर तपासत? आमच्याकडे एकच विद्यार्थी आहे.' दोनदा नट सैल मिळाले होते तिला. एकदा ब्रेक ऑईलचं झाकणच नव्हतं लावलेलं."

तीन महिन्यांपूर्वी बॉनेट उघडल्यावर इंजिनावर तेल उडालेलं मला दिसलं होतं. तेलाचं झाकण अर्धंच फिरवलेलं होतं. मी ते घट्ट केलं, फडक्यानं तेल पुसलं आणि कामावर गेले. कुणाला काही विचारलं नाही. हे मी बाईंना सांगितलं नाही.

चिमीला बाईंकडे ठेवून मी वर गेले. आप्पा जेवणाच्या टेबलाशी बसून रेडिओच्या मागचे स्क्रू काढत होते. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं, आणि स्क्रू ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं ओळीत मांडले होते. आईच्या खुर्चीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग.

"लवकर आलीस," ते म्हणाले.

"आप्पा, डावीकडचे नट आवळायचे राहिले होते."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"दोन्ही चाकांचे. पुढचा एक निघून आला होता. रस्त्यात आवळून घेतले."

ते आधी रागावतील असं मला वाटलं होतं. मी आवळले होते, त्या पंक्चरवाल्याला काय कळतंय, असं काहीतरी. त्यासाठी मी जिन्यात तयारी केली होती. दुसऱ्याची चूक काढण्यात आप्पांचा हात कोण धरणार? पण ते रागावले नाहीत. माझ्याकडे बघून अगदी साध्या आवाजात म्हणाले, "म्हणजे? तू बघत नाहीस?"

"काय बघत नाही?"

"माझ्यामागून. तुझी आई बघायची ना." मग थोडं थांबून, "तिला वाटायचं मला माहीत नाही. अगं, बादलीत पाना वाजतो. छत्तीस वर्षं पान्याचाच आवाज ऐकला मी. पहिल्याच दिवशी गॅलरीतून बघितलं होतं."

"मग बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? बोललो असतो तर तिला पुढचं सगळं बोलायला लागलं असतं. डॉक्टर, तपासण्या. माझ्या हातून राहून जातं हे मला कळत होतं. पण ती बघतेय म्हटल्यावर मी निर्धास्त असायचो." त्यांनी एक स्क्रू उचलला आणि परत जागेवर ठेवला. "ती गेली, तेव्हा मला वाटलं तुला सांगून गेली असेल. इतके महिने मला वाटत होतं, तू बघतेस. न सांगता जाईल असली बाई नव्हती ती. नाही सांगितलं तिनं?"

सांगितलं होतं.

ते मला तेव्हा, त्या टेबलाशी उभी असताना आठवलं. दवाखान्यातला शेवटून दुसरा दिवस. नळ्या लावलेल्या, बोलताना धाप लागायची. मी तिचे रिपोर्ट चाळत होते. ती म्हणाली होती, "आप्पांनी गाडी दिली की चालवायच्या आधी एकदा सगळं बघत जा." मी म्हटलं होतं, "हो गं." ती म्हणाली, "पाना फिरवून बघायचं, नुसतं डोळ्यांनी नाही." मी म्हटलं, "हो म्हटलं ना." तिला गुंगीच्या औषधानं भरकटल्यासारखं होतंय असं मी धरून चालले. माझं लक्ष तिच्या फुप्फुसाच्या फिल्मवर होतं, आणि त्यात जे दिसत होतं ते मला तिला सांगायचं नव्हतं. तिनं मला तिची सगळ्यात मोठी जबाबदारी दिली आणि मी ती पेशंटला देतात तसल्या हुंकारावर घालवली.

"सांगितलं होतं, आप्पा," मी म्हटलं. "मी ऐकलं नाही."

आप्पांनी विचारलं, "चिमी कुठं बसते?"

"मागे."

"कुठल्या बाजूला?"

"डावीकडे."

त्यांचे हात टेबलावर होते, ते त्यांनी मांडीवर घेतले. मोठे हात आहेत आप्पांचे. त्या हातांनी मला सायकल शिकवली, आईला शेवटचं उचलून ठेवलं. मला दिसू नयेत म्हणून त्यांनी ते टेबलाखाली धरले होते.

मग ते उठले, फोन घेतला आणि नंबर लावला. पलीकडे बारक्या होता. बारक्या आप्पांच्या हाताखाली लागला तेव्हा बारीक होता. आता पन्नाशीचा आहे, वजन नव्वद किलो, स्वतःचं गॅरेज आहे, पण आप्पांचा फोन आला की अजून उभा राहून बोलतो म्हणतात.

"बारक्या, उद्या पोरीची गाडी पाठवतोय," आप्पा म्हणाले. "हो, सगळंच बघ. यापुढं तूच बघत जा." तिकडून त्यानं काही विचारलं असावं. काहीतरी चेष्टा केली असावी, कारण आप्पा हसायला गेले आणि हसणं अर्ध्यावर राहिलं. "नाही रे. माझं आता राहून जातं. नट राहिले माझ्या हातून, बारक्या. नात बसली होती गाडीत."

हे वाक्य त्यांनी छत्तीस वर्षांत कुणापुढे उच्चारलं नसेल, आणि ते उच्चारलं तेही हाताखालच्या माणसापुढे.

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "नऊला ने. तो हुशार आहे. पण तो काम करेल तेव्हा तू तिथं उभी राहा, आणि झालं की पाना मागून घे. त्याचा अपमान नाही होत. हुशार माणसाच्या मागंही कुणीतरी लागतं."

"हो," मी म्हटलं. आणि हा 'हो' म्हणताना मला माझाच आवाज ऐकू आला, दवाखान्यातला तोच. म्हणून मी थांबले आणि म्हटलं, "परत सांगा, आप्पा. काय काय बघायचं ते नीट सांगा."

ते सांगायला लागले. नटांपासून सुरुवात केली. तेलाच्या झाकणापर्यंत आले आणि मला आई दिसली, केराची बादली घेऊन गाडीपाशी वाकलेली. गुडघे दुखायचे तिचे. दोन वर्षं ती अशी वाकली, आणि मी त्या गाडीतून बिनघोर फिरले. मला आई हवी होती. इतकी हवी होती की मी तिच्या खुर्चीवरच्या कपड्यांच्या ढिगावरच बसले आणि रडायला लागले, मोठ्यानं, चिमी पडल्यावर रडते तशी. माझ्या डोक्यावर हात ठेवून आप्पांनी पुढचं सांगितलं, ब्रेक ऑईलचं, आणि मी रडत रडत सगळं ऐकलं.