बासष्टावी प्रत

मित्रांनो, शाळेच्या जिन्याखाली एक बुटकी खोली आहे. तिथे मोडक्या खुर्च्यांच्या मागे, गोणपाटाखाली, काळ्या डागांनी माखलेलं जे धूड पडलं आहे ना, तो मीच. शिक्षक मला सायक्लोस्टाइल म्हणायचे. मुलं मात्र कुरकुऱ्या म्हणायची, कारण माझी मूठ फिरवली की मी कुरकुरायचो. आजही कुरकुरणारच आहे. तुम्हाला गोड गोष्ट हवी असेल तर दुसरीकडे बघा. माझ्याकडची कडू आहे आणि तिच्यात माझाही हात आहे.

माझा जन्म कारखान्यातला. आम्ही भावंडं शंभरेक, सगळी एका साच्यातून काढलेली. शेवटच्या तपासणीला एका कामगाराने माझी मूठ गरगर फिरवली, निघालेले दोन कागद शेजारी ठेवले आणि सोबत्याला म्हणाला, "यांत फरक दाखव, नाव बदलीन." त्या एका वाक्यावर मी पुढे वीस वर्षं फुगून बसलो होतो.

माझं काम तुम्हाला ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. मेणाचा पातळ कागद असतो, त्याला स्टेन्सिल म्हणतात. लोखंडी टोकाच्या लेखणीने त्याच्यावर लिहिलं, म्हणजे स्टेन्सिल कापलं, की तेवढ्या जागेचं मेण निघून जातं. मग तो कागद माझ्या पोटाभोवती गुंडाळायचा, आत ब्रशने शाई फासायची आणि मूठ फिरवायची. मेण गेलेल्या जागेतून शाई झिरपते आणि खाली जसंच्या तसं अक्षर उमटतं. एकदा लिहिलं की साठ मुलांची सोय झाली.

मी आलो त्या दिवशी मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, सगळ्या शाळेला पटांगणात उभं केलं आणि माझ्यावर हात ठेवून भाषण केलं. "आजपासून फळ्यावरचं दिसलं नाही, ही सबब बंद. प्रत्येकाच्या हातात एकच पेपर. या यंत्रापुढे कुणी लहान नाही, कुणी मोठं नाही." टाळ्या पडल्या. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

माझी मूठ फिरवायला नेमले होते शिपाईकाका. उंच, वाकलेले, हाताला कायम शाई. ते मला आंजारून गोंजारून चालवायचे. "चल रे बाबा, आठवीचा गठ्ठा राहिलाय," असं म्हणत तेल घालायचे. त्यांच्या हाताखाली माझे दिवस झकास गेले.

एकच कुसळ होतं. शाई जपून वापरायची, हा मोठ्या सरांचा दंडक. एका वर्गाला एक ब्रश, वर थेंब नाही. त्यामुळे पहिल्या तीस प्रती काळ्याभोर यायच्या, पुढच्या वीस बऱ्या, आणि पन्नाशीनंतर मला धाप लागायची. शेवटच्या दहा म्हणजे कागदावर कुणीतरी उसासा टाकावा तशा. मी ते मनावर घेतलं नाही. अक्षरं तीच आहेत ना, मग झालं.

आता वर्गात गंमत काय होती ऐका. बाक गुणांप्रमाणे ठरायचे. पहिल्या नंबरची मुलगी पहिल्या बाकावर, शेवटचा नंबर शेवटच्या बाकावर. पहिली प्रत वर ठेवून गठ्ठा लावायचा आणि तो वरून वाटत जायचा. म्हणजे हुशार मुलांना काळ्याभोर प्रती आणि मागच्यांना उसासे. मग मागच्यांना गुण कमी. गुण कमी म्हणून पुन्हा मागचा बाक. हे चक्र मीच फिरवत होतो आणि नाक वर करून म्हणत होतो, मी सगळ्यांना सारखंच देतो.

सहावीच्या वर्गात बासष्ट मुलं होती. बासष्टावी प्रत जायची शिपाईकाकांच्याच नातीकडे. बिन-आईची पोर, आजोबांनीच वाढवलेली. प्रत्येक पेपर कोरा देते म्हणून वर्गाने तिचं नाव कोरी ठेवलं होतं, आणि मास्तरही हाक मारताना तेच म्हणायचे. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की डोळ्यांत काही खोट नाही. मग सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं की खोट डोक्यात असणार. सहावीत ती दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा नापास झालं की नाव शाळेतून कमी, असा नियम होता. काकांच्या जिवाला तो घोर लागलेला.

शाळा सुटली की ती जिन्याखाली येऊन कागदाच्या खोक्यावर बसायची. आणि मित्रांनो, ती ढ आहे हे मला कधीच पटलं नाही. माझा आवाज ऐकून ती सांगायची, "आबा, शाई संपत आली, आता फिकट येणार." आणि यायचीच. एकदा कागद सारखे अडकत होते, काका घामाघूम झाले. तिने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "डावीकडचं रबर झिजलंय, तिथे कागद तिरका होतो." काकांनी रबर उलटं लावलं आणि मी सुरळीत चाललो.

त्या वर्षी सहावीला नव्या बाई आल्या. एके दिवशी त्या स्टेन्सिल घेऊन जिन्याखाली आल्या आणि दारातच थबकल्या. आत काका मागच्या आठवड्याच्या चाचणीची खराब प्रत हातात धरून नातीला गणितं वाचून दाखवत होते. काकांचं वाक्य पुरं व्हायच्या आत पोर उत्तर देत होती. दहापैकी नऊ बरोबर.

बाई आत आल्या. त्यांनी तोच कागद तिच्यापुढे धरला. "आता तू वाच बघू."

पोरीचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "बाई, अक्षरं एकमेकांच्या अंगावर येतात. वरच्या ओळीतलं खाली उतरतं. मी धरायला जाते तोवर दुसरं पळतं."

"हे आधी कुणाला सांगितलं नाहीस?"

"मला वाटलं, सगळ्यांनाच तसं दिसतं आणि मलाच जमत नाही."

काका भिंतीला टेकून ऐकत होते. "बाई, मी हिला लक्ष देत नाहीस म्हणून बोललो. एकदा हातही उचलला," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी निराळी स्टेन्सिलं कापली. तेच प्रश्न, पण अक्षर बोटाएवढं मोठं आणि दोन ओळींमध्ये हात मावेल एवढी जागा. एका कागदाचे तीन कागद झाले. काकांनी एकच प्रत काढली. मी कुरकुरलो, अर्थातच. एका प्रतीसाठी अख्खी तीन स्टेन्सिलं, हा कसला कारभार? पण पोरीने ओळीखाली बोट धरून, अडखळत का होईना, तो पेपर वाचला आणि सोडवला. कोरीने पेपर लिहिला, ही बातमी शाळाभर झाली. मग दुसऱ्या एका मुलाने तसाच पेपर मागितला. दहा मिनिटांत सगळं उरकून शेजाऱ्याला चिमटे काढत बसणारा एक होता, त्याच्यासाठी बाईंनी अवघड गणितं कापली. आठवड्याला तीन-तीन तऱ्हेचे पेपर. काका म्हणाले, "बाई, खांदा निखळायची वेळ आली." म्हणताना मात्र हसत होते. मीही हळूहळू गप्प झालो. साच्यातून निघालेला मी, मला हे उशिरा कळलं, पण कळलं.

वार्षिक परीक्षेचं स्टेन्सिल मोठे सर स्वतःच्या हाताने कापायचे. बारीक, सुबक, एका कागदात बसवलेलं. ते घेऊन सर खाली आले तेव्हा बाई वाट पाहत उभ्या होत्या.

"सर, तिला हेच प्रश्न मोठ्या अक्षरात द्या. प्रश्न बदलू नका, वेळही वाढवू नका. पोरीचं नुसतं वर्ष नाही, शाळाच जाईल हो."

मोठे सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी डोळे चोळले. "बाई, आज तिला वेगळा दिला तर उद्या बासष्ट पालक माझ्या दारात उभे राहतील. कुणाकुणाला काय सांगू? परीक्षेत सगळ्यांना एकच पेपर. मला दुसरा न्याय माहीत नाही."

"मग निदान शाईचं तरी बघा. मागच्या बाकावर पोहोचणारी प्रत दिसतही नाही."

यावर सर थांबले. एक फिकट प्रत उजेडात धरून पाहिली. "हे मात्र खरं आहे. बघतो मी," असं म्हणून ते वर गेले.

 बाईंनी कोरी स्टेन्सिलं काढली आणि माझ्याशेजारी बसून सरांचा पेपर मोठ्या अक्षरात उतरवला. शब्दाचाही फरक केला नाही. काकांनी ते तीन कागद काढले, टाचले आणि सहावीच्या गठ्ठ्याच्या अगदी तळाशी ठेवले. तळाची प्रत शेवटच्या बाकाची, हे इतक्या वर्षांत कधी चुकलं नव्हतं. 

परीक्षेच्या खोलीत मी नव्हतो. संध्याकाळी काकांनी बाईंना सांगितलं ते मी ऐकलं. सरांनी दिलेला शब्द पाळला होता. "मागच्या मुलांना नेहमी फिकट प्रती जातात, म्हणून या वेळी वाटप शेवटच्या बाकापासून करा," अशी ताकीद त्यांनी पर्यवेक्षकांना ऐनवेळी दिली. बाईंचंच गाऱ्हाणं त्यांनी ऐकलं होतं. गठ्ठ्यावरची पहिली, काळीभोर, बारीक अक्षरांची प्रत पोरीच्या हातात पडली. तळाचे तीन कागद गेले पहिल्या बाकावर. तिथली मुलगी सरळ मनाची. ती उठून म्हणाली, "सर, माझा पेपर वेगळा आलाय." पर्यवेक्षकांनी ते कागद तसेच मोठ्या सरांकडे धाडले.

पोरीने शेवटच्या बाकावरून ते मोठं अक्षर लांबूनच ओळखलं. तोंडातून शब्द काढला नाही. बाईंचं नाव निघेल अशी तिला भीती वाटली. समोरच्या कागदावर ती तीन तास नजर धरून बसली, नाव लिहिलं, एक गणित कसंबसं सोडवलं आणि पेपर दिला.

बाईंची बदली झाली. काकांचं वय बघून त्यांना सांभाळून घेतलं, आणि सांभाळून घेतलेल्या माणसाने गप्प राहायचं असतं, तसे ते गप्प राहिले.

निकालानंतर मोठे सर पुन्हा एक स्टेन्सिल घेऊन आले. काकांकडे न बघता म्हणाले, "दारावर आणि फलकावर लावायचंय. लांबून वाचता आलं पाहिजे, म्हणून अक्षर मोठं काढलंय. शाई हवी तेवढी घ्या."

काकांनी स्टेन्सिल माझ्याभोवती गुंडाळलं. शाई फासली. मूठ धरली आणि फिरवेनात.  मित्रांनो, यंत्राला अडकून बसता येतं, तिरका कागद ओढता येतो, फाडता येतो. त्या दिवशी मी यातलं काहीही केलं नाही. काकांनी डोळे मिटून मूठ फिरवली आणि माझ्या आयुष्यातली सगळ्यांत सुबक प्रत बाहेर पडली.

तेवढ्यात पोर नेहमीसारखी आत आली. तिने ओला कागद उचलला आणि वाचायला लागली. "खालील विद्यार्थ्यांची नावे शाळेतून कमी करण्यात येत आहेत." खाली तीन नावं होती. ती सलग वाचत गेली, ओळीखाली बोटही धरलं नाही. तिसरं नाव तिचं होतं, तेही वाचलं.

मग आजोबांकडे बघून म्हणाली, "आबा, हा मला आला. सगळा आला, बोट न लावता." आणि ती हसत होती.

काकांनी तिच्या बोटांना लागलेली शाई आपल्या सदऱ्याने पुसली. पुसून झाली तरी पुसत राहिले. तिचं हसू कधी मावळलं ते मी पाहिलं नाही, कारण मग दोघं खोली बंद करून घरी गेले.

ती पुन्हा जिन्याखाली आली नाही. काही वर्षांनी काका निवृत्त झाले आणि माझ्या जागी विजेवर चालणारं चकचकीत यंत्र आलं. माझ्यावर गोणपाट पडलं. उंदरांनी रबर खाल्लं, मुठीला गंज चढला. त्याचं मला फार दुःख नाही. नव्या यंत्राचं मात्र नवल वाटतं. त्याचं एक बटण दाबलं की अक्षर हवं तेवढं मोठं होतं म्हणे, ना मेण, ना ब्रश, ना कुणाचा खांदा दुखतो. तरी वरच्या खोलीतून येणारा आवाज मी रोज ऐकतो. एकच पेपर, बासष्ट वेळा.

मित्रांनो, मला तेल घाला, पुसून ठेवा, असं काही मी मागत नाही. माझं मागणं दुसरं आहे. तुमच्यातलं कुणी उद्या शिक्षक होईल, कुणी मोठे सर होईल. एखादं मूल कोरा कागद परत देईल. त्याच्यावर शून्य काढण्याआधी त्याच्याशेजारी बसा आणि तो पेपर त्याला एकदा मोठ्याने वाचून दाखवा. त्या पोरीसाठी आमच्या शाळेत हे फक्त तिच्या आजोबांनी केलं. ऐकून समजलं ते एका बाईंना. त्या दोघांच्याही हातात निकाल नव्हता. तो तुमच्या हातात आला, तर एवढं करा.