रक्तात आहे, स्नायूत नाही

१.

ईश्वरी तेव्हा चार वर्षांची होती आणि जिना चढताना गुडघ्यावर हात टेकायची. नमिता आणि सौरभ, तिचे आईवडील, सगळ्यांना एकच विचारत फिरत होते: हे आमच्याकडून आलंय का, दुसरं मूल होऊ द्यावं का? डॉक्टरांनी महाप्याच्या एका जनुक-तपासणीच्या लॅबमध्ये रक्त पाठवलं. फाईल तिथे अहवाल लिहिणाऱ्या हुदाच्या टेबलावर आली.

२.

स्नायूंच्या या आजाराला जनुकात दोन बिघाड लागतात, एक बापाकडचा आणि एक आईकडचा. बापाकडचा तासाभरात सापडला. आईकडून आलं होतं जनुकातलं नुसतं एक बदललेलं अक्षर, तेही असं, की प्रथिनात काडीचा फरक पडू नये. अशा अक्षरांना मुकं म्हणतात आणि यादीतून उडवून लावतात.

हुदाने उडवलं नाही. तिला ठाऊक होतं, पेशी जनुक सलग वाचत नाही. आधी त्याची आरएनएची प्रत काढते, मग त्या प्रतीतले काही तुकडे गाळून उरलेले जोडते. कुठला ठेवायचा, कुठला गाळायचा, हे त्या प्रतीवर येऊन बसणारी प्रथिनं ठरवतात. काही म्हणतात ठेव, काही म्हणतात गाळ. ज्याचं पारडं जड, त्याचं खरं. एखादं मुकं अक्षर ‘ठेव’ म्हणणाऱ्याची बसायची जागाच घालवू शकतं.

म्हणून तिने ईश्वरीच्या रक्तातला आरएनए तपासला. ते अक्षर ज्यात होतं, तो अकरावा तुकडा जागच्या जागी होता.

३.

पण ठेव-गाळ ठरवणारी रक्तातली पंचायत वेगळी, स्नायूतली वेगळी. एकच जनुक इथे एका तऱ्हेने जोडलं जातं, तिथे दुसऱ्या. हे हुदाला कुणी शिकवायला नको होतं. एमएस्सीचा प्रबंधच तिने त्यावर लिहिला होता. अहवालाच्या शेवटी तिने लिहिलंही: रक्तावरून स्नायूचा निर्वाळा देता येत नाही, स्नायूचा नमुना तपासावा.

मग ते पुसलं.

नमिताने फोनवर गयावया केली होती, पोरीच्या पायाचा लचका काढायला लावू नका. मला तिची दया आली, असं हुदा तेव्हापासून स्वतःला सांगत आली आहे. खरं म्हणजे तो शुक्रवार होता. खाली तिचा नवरा अम्मार गाडी चालू ठेवून बसला होता. म्हसळ्याला नणंदेच्या हळदीला पोचायचं होतं. ते वाक्य राहिलं असतं तर सही करण्याआधी लॅबच्या सरांनी दहा प्रश्न विचारले असते.

अहवाल गेला: दुसरा बिघाड आढळला नाही.

४.

दोन वर्षांनी ईश्वरीच्या टाचेचं ऑपरेशन झालं. सर्जनने स्नायूचा कण लॅबला पाठवला. त्यातल्या आरएनएत अकरावा तुकडा नव्हता; दुसरा बिघाड हाच.

फॉर्मवर खाली एक ओळ होती. आई गरोदर, दहावा आठवडा.

सरांना या गोष्टीतले तुकडे सांगितले: १, २, ४.

जयप्रकाश सर लॅबचे प्रमुख. त्यांनी खुर्ची मागे रेलवली आणि म्हणाले, सुधारित अहवाल काढू, नव्या माहितीच्या आधारे असं लिहू, पुढचं डॉक्टर बघतील. हुदा उठेना तेव्हा त्यांनी जुना अहवाल तिच्यापुढे सरकवला.

“चुकीचा एक शब्द दाखव यात. दाखव ना. नाहीये. मग कशाला टेन्शन घेते?”

खरंच नव्हता. जे लिहिलं होतं त्यात कुठेच चूक नव्हती.

अम्मारला सांगितलं: १, ४.

दोन गाळला, कारण त्याला कंटाळा आला असता. तीन गाळला, कारण त्यात तो गाडीत बसलेला होता. तो म्हणाला, तू काय मशीन आहेस का, माणसाकडून होतं. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीच लाज वाटली.

नमिताला सांगायचं: फक्त ४. तेही डॉक्टरांमार्फत. असं सरांनी ठरवून दिलं होतं.

शनिवारी दुपारी हुदा उलव्याला नमिताच्या घरी गेली.

दहाव्या मजल्यावरचा फ्लॅट. विमान आलं की बोलणं थांबवावं लागे. आतल्या खोलीत प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून ईश्वरी चित्रं रंगवत होती. नमिताने चहा ठेवला, खारी ठेवली आणि कौतुकाने बघत राहिली.

“तुमचा आवाज लगेच ओळखला मी. तुमच्यामुळे तेव्हा माझ्या पोरीची कापाकापी वाचली. सासूबाई अजून दुवा देतात तुम्हाला.”

हुदाने खारी तोंडाला लावली नाही. एक सांगितला, दोन सांगितला, चार सांगितला. या बाळालाही हा आजार असण्याची शक्यता चारात एक आहे, पुढच्या दोन-तीन आठवड्यांत गर्भाच्या वारेचा नमुना घेऊन कळू शकतं, हेही सांगितलं. नमिता सगळं ऐकत होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

“म्हणजे तेव्हा कळण्यासारखं नव्हतंच ना?” तिने विचारलं.

केवढी मोठी वाट करून दिली बिचारीने. नुसती मान हलवायची होती.

“होतं,” हुदा म्हणाली. आणि तीन सांगितला. शुक्रवार, गाडी, हळद, सगळं.

वरून एक विमान गेलं. ते गेल्यावर नमिताने ओढणी बोटावरून सोडली. मग म्हणाली, “काय लिहिलेलंत? ते पुसलेलं. म्हणून दाखवा.”

हुदाने ते वाक्य जसंच्या तसं म्हटलं.

“मी नाहीच म्हटलं असतं बहुतेक,” नमिता म्हणाली. “नसता काढू दिला तुकडा. पण मग ते माझं असतं. तुम्ही माझ्या वतीनं ठरवून हळदीला गेलात.”

हुदाने माफी मागायला तोंड उघडलं. नमिताने हातानेच थांबवलं. फोन घेऊन तिने डॉक्टरांची सोमवारची वेळ मागितली, एकदाच अडखळली, आठवडा सांगताना. मग समोरचा निवलेला चहा उचलून मोरीत ओतून आली.

“सौरभ सहाला येईल,” ती म्हणाली. “तोवर बसा. त्यालाही तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार.”

साडेतीन वाजले होते. हुदा बसून राहिली.