वझलवारांचे तेवीस रकाने

जगन्नाथ वझलवारांनी कॅम्पर आधी घेतला आणि तो ओढायचा कशाने याचा विचार नंतर सुरू केला. शहाणी माणसं उलटं करतात. पण वझलवारांनी उभ्या नोकरीत शहाणपणाच केला होता आणि आता त्यांना त्याचा वीट आला होता. सव्वीस वर्षं मिनेसोटात व्हॉल्व्हची डिझाइनं काढून २००५च्या सप्टेंबरात ते रिटायर झाले, आणि ऑक्टोबरात ईडन प्रेरीतल्या शेजारच्या डेलकडून त्याचा जुना कॅम्पर विकत घेऊन मोकळे झाले. डेलचे गुडघे गेले होते, त्यामुळे चाकांवरचं घर आता त्याच्या उपयोगाचं नव्हतं. वझलवारांचे गुडघे अजून शाबूत होते.

कॅम्पर होता फिफ्थ व्हील जातीचा. म्हणजे त्याचं नाक पिकअप ट्रकच्या हौद्यात येऊन टेकतं. हौद्यात मागच्या चाकांच्या वर लोखंडाचा एक जाडजूड जोड बसवायचा, त्याला हिच म्हणतात. कॅम्परच्या नाकाखालची खुंटी त्याच्या खाचेत शिरली की जबडा मिटतो, आणि ट्रक नि घर एकत्र निघतात. इथवर सगळं सोपं. पण वझलवारांचा ट्रक पडला आखूड हौद्याचा. वळण जरा तीव्र आलं की कॅम्परचं नाक सरळ ड्रायव्हरच्या पाठीमागच्या काचेवर. म्हणून अशा ट्रकला मागे सरकणारा हिच लागतो. त्यातही दोन तऱ्हा: एक वळणावर आपसूक सरकतो, दुसरा वळणाआधी थांबून, खाली उतरून, दांडा ओढून सरकवावा लागतो. इथे वझलवारांचं घोडं पेंड खायला थांबलं ते सबंध हिवाळा खातच राहिलं.

त्यांनी एक्सेलमध्ये तक्ता केला. सुरुवातीला सात रकाने होते, नाताळापर्यंत पंधरा झाले, फेब्रुवारीत तेवीस. किती वजन पेलतो, किती इंच सरकतो, गंजतो का, थंडीत आखडतो का. कॅम्परवाल्यांच्या वेबसाइटवर अनोळखी लोकांची भांडणं वाचत ते दुपार दुपार बसत आणि प्रत्येक भांडणातून एक रकाना उचलून आणत. बावीस रकान्यांची नावं इंग्रजीत होती. तेविसावा तेवढा त्यांनी मराठीत लिहिला होता: ‘एकट्याला जमेल का?’ खरं सांगायचं तर बाकीचे बावीस नुसती वरात होती. नवरदेव हा होता.

कारण सुचित्राबाई येणार नाहीत, हे वझलवारांनी ठरवून टाकलं होतं.

त्याचं असं झालं. कॅम्पर घेतला त्या दिवशी बाई स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. वझलवार दारात उभे राहून म्हणाले, की मी डेलचा कॅम्पर घेतला. बाई म्हणाल्या, “बरं.” बत्तीस वर्षांच्या संसारात वझलवारांना बायकोच्या ‘बरं’चे सगळे प्रकार पाठ झाले होते. कौतुकाचं बरं, वैतागाचं बरं, पाहुणे येणार म्हटल्यावरचं बरं. हे त्यांतलं कुठलंच नव्हतं. हे बरं टेबलावर नुसतं पडून राहिलं, आणि बाई पुन्हा काड्या खुडायला लागल्या.

आता कुणी म्हणेल, एवढं होतं तर विचारायचं होतं. पण वझलवारांच्या घरात अवघड गोष्ट समोरासमोर विचारायची पद्धत नव्हती. नागपूरला त्यांच्या वडिलांना काही हवं असलं तर ते मुलांमार्फत आईला कळवत, आणि आई मुलांमार्फत उत्तर देई. तीच रीत सातासमुद्रापार आली होती. फेब्रुवारीत वझलवारांनी शिकागोजवळच्या शॉमबर्गला मुलीला, रेणूला फोन केला आणि आईचा अंदाज घे म्हणाले. रेणू आईशी अर्धा तास बोलली, आणि त्या अर्ध्या तासाचं तिने बाबांना एका ओळीत सार सांगितलं: “शी’ज फाइन विथ इट, बाबा. यू शुड गो.”

यू शुड गो. तू जा. म्हणजे एकटा जा. वझलवारांनी त्याच संध्याकाळी तेविसावा रकाना घातला.

कॅम्पर गावाबाहेर, डेलच्या भावाच्या शेतातल्या शेडमध्ये उभा होता. शनिवारी वझलवार थर्मासमध्ये चहा भरून घ्यायचे आणि कॅम्परमध्ये जाऊन बसायचे. अंगात कोट, डोक्याला कानटोपी, आत जेवणाचं छोटं टेबल आणि टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकेक बाकडं. शेडच्या छपरातून दुधी उजेड यायचा. मधूनच छपरावरचा बर्फ घसरायचा आणि त्याचा लांबलचक, मऊ आवाज व्हायचा, रस्ता चाकांखालून जाताना होतो तसा. त्या आवाजाबरोबर वझलवार निघायचे.

शेडची भिंत विरघळून जायची. खिडकीबाहेर डाकोटाचं गवत यायचं, पिवळं, क्षितिजापर्यंत, वाऱ्याने एकाच बाजूला निजलेलं. मग नेब्रास्कातली एखादी नदी, रुंद आणि उथळ, तिच्यात पाय दुमडून उभे असलेले करकोचे. मग लाल डोंगर. कुठेही थांबायला नको, कुणाला फोन करायला नको. चहाची वाफ काचेवर धरायची आणि वझलवार ती पुसायचेही नाहीत, कारण पुसली तर शेड दिसली असती. अशा वेळी ते फार सुखी असत.

फक्त समोरचं बाकडं रिकामं असे. त्यावर बाईंना बसवून बघायचा प्रयत्न त्यांनी कितीदा केला. निळी शाल, चष्मा, हातात काहीतरी निवडायला घेतलेलं, असं सगळं जमून यायचं. पण वझलवार सवयीने काही सांगायला तोंड उघडायचे आणि तेवढ्यात त्या तिथे नसायच्या. ज्या माणसाला आपण ‘या’ म्हटलेलं नाही, ते स्वप्नात तरी कसं टिकावं. चहा गार व्हायचा. एकट्याने लाल डोंगर बघायची कल्पना मनातून त्यांना अजिबात आवडत नव्हती, आणि हे त्यांनी तक्त्यात कुठेही लिहिलं नव्हतं.

मार्च संपत आला, बर्फाचं पाणी झालं. नवीन वस्तू पाडव्याला घ्यावी म्हणून वझलवारांनी हिचच्या दुकानात पाडव्याची वेळ ठरवली, आणि चार दिवस आधी शेवटचं बघून यायला निघाले. परतताना इंडियन स्टोअरमधून श्रीखंडाचं आणि गुढीच्या कडुलिंबाचं बघायचं होतं, म्हणून बाईही बरोबर निघाल्या. वाटेत दोघं हवामानाबद्दल बोलले.

दुकान जॉयस नावाच्या एका बाईचं होतं. पासष्टीची, दंडांवर वंगणाचे डाग, बोलणं मोजकं. वझलवारांनी तिला सांगितलं, की आपला निर्णय झालेला आहे, आपसूक सरकणारा हिच, तो तक्त्यात अकरा गुणांनी पुढे आहे. जॉयसने तक्त्याची चौकशी केली नाही. ती म्हणाली, की माझ्याकडची रीत आहे, गिऱ्हाईकाने आधी माझ्या ट्रकने अंगणातला जुना ट्रेलर एकदा जोडून दाखवायचा, मग मी विकते. दोन्ही तऱ्हांचे हिच लावलेले दोन जुने ट्रक तिने दाखवले, आणि फोन वाजला म्हणून ती आत गेली.

वझलवार आपसूकवाल्यात बसले. सुचित्राबाई घरच्या ट्रकमध्ये बसून होत्या. सीटवर तक्त्याचा छापील कागद पडला होता, तो त्यांनी चाळायला घेतला.

रिव्हर्स घेणं हा रकाना तक्त्यात नव्हता. तेवीस रकाने करणाऱ्या इंजिनिअरला मागे काही दिसणार नाही हे सुचलं नव्हतं, याला काय म्हणावं. पहिल्यांदा ते खुंटीच्या हातभर डावीकडे गेले. दुसऱ्यांदा उजवीकडे. तिसऱ्यांदा ट्रक इतका तिरका झाला, की त्यांना पुढे घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. आरशात नुसतं आभाळ आणि ट्रेलरचा पांढरा पत्रा दिसत होता. खुंटी कुठेच नव्हती. थंडीतही त्यांच्या कपाळावर घाम आला. ज्या वस्तूला त्यांनी ‘एकट्याला जमेल’ म्हणून पैकीच्या पैकी गुण दिले होते, ती त्यांना एकट्याला जमत नव्हती.

तेवढ्यात हौद्याच्या पत्र्यावर आवाज झाला. थाप, थाप. मग बाईंचा आवाज, “येऊ द्या. येऊ द्या. डावीकडे थोडं. येऊ द्या.”

वझलवारांचे हात आपोआप त्या आवाजाप्रमाणे फिरायला लागले. सुचित्राबाईंचे वडील वर्धा आगारात एसटीचे ड्रायव्हर होते. लग्नाआधी बाई रोज आगारात त्यांचा डबा घेऊन जात, आणि मागे घेतल्या जाणाऱ्या गाडीच्या पत्र्यावर थाप मारायचा मान कंडक्टर मंडळींनी त्यांना कधीच देऊन टाकला होता. दोन थापा म्हणजे चला, एक म्हणजे थांबा. वझलवारांना हे माहीत होतं. लग्न ठरताना कौतुकाने ऐकलेलं आणि नंतर बत्तीस वर्षांत एकदाही न आठवलेलं, अशा बऱ्याच गोष्टी त्यांना बायकोबद्दल माहीत होत्या.

“येऊ द्या. येऊ द्या.” मग एक थाप. त्याच क्षणी पाठीमागे लोखंडाचा खट्ट आवाज झाला. खुंटी आत गेली, जबडा मिटला.

बाई ड्रायव्हरच्या खिडकीशी आल्या. त्यांच्या हातात तक्त्याचा कागद होता. कागद त्यांनी खिडकीवर धरला आणि तेविसाव्या रकान्यावर बोट ठेवलं.

“अहो, यात मी कुठे बसते?”

वझलवार म्हणाले, की रेणूने सांगितलं, तुझं काही म्हणणं नाही म्हणून.

“रेणूला मी अर्धा तास काय सांगत होते, ते विचारलंत तिला?” बाईंचा आवाज चढला नाही. त्या सांगत गेल्या. नोव्हेंबरात त्यांनी पडद्यांचं कापड आणलं होतं, पिवळं, बारीक फुलांचं. डेलकडून खिडक्यांची मापंही घेतली होती. ते कापड कपाटात तसंच पडून होतं. दर शनिवारी थर्मास भरला जायचा, आणि त्या वाट बघायच्या, की आज तरी दोन कप काढले जातील. “कॅम्पर घेतला म्हणून सांगितलंत. चल म्हणाला नाहीत. बिनबोलावता कोण येतं?”

वझलवारांच्या डोळ्यांपुढे ते रिकामं बाकडं आलं आणि त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली. सबंध हिवाळा एक बाई स्वयंपाकघरात आणि एक माणूस शेडमध्ये, दोघंही एकाच प्रवासाला निघायची वाट बघत होते.

जॉयस बाहेर आली. जोडलेला ट्रेलर बघून तिने मान डोलावली आणि कुठला घेताय म्हणून विचारलं. वझलवार काही बोलायच्या आत बाई शेजारच्या ट्रककडे गेल्या, हाताने सरकवायच्या हिचवाल्या. त्यांनी टाचा उंचावून दांडा गाठला आणि दोन्ही हातांनी ओढला. तो कुरकुरला आणि सुटला.

“हा,” त्या म्हणाल्या.

वझलवार सवयीने म्हणाले, “अगं, पण यात प्रत्येक अवघड वळणाला थांबावं लागतं. एकाला खाली उतरावं लागतं.”

“मग उतरेन की.”

जॉयसला मराठी कळत नव्हतं, पण हिच ठरला हे तिला कळलं. ती म्हणाली, की एक शेवटची गोष्ट राहिली आहे. जबडा खरंच मिटलाय का, हे डोळ्यांनी कळत नाही. ट्रेलरचे ब्रेक लावून ठेवायचे आणि ट्रक हळूच पुढे ओढून बघायचा. सुटायचं असेल तर इथे अंगणात सुटलेलं बरं, हायवेवर नको. बाई पुन्हा मागे जाऊन उभ्या राहिल्या.

वझलवारांनी स्टिअरिंगवर हात ठेवले. वितळलेल्या बर्फाचं पाणी अंगणभर पसरलं होतं आणि त्यात मार्चचं आभाळ उतरलं होतं, त्यामुळे ट्रक, ट्रेलर, जॉयस सगळेच कशावर तरी तरंगताहेत असं वाटत होतं. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. बत्तीस वर्षांत एवढं सरळ ते बायकोशी कधी बोलले नव्हते.

“सुचित्रा,” ते म्हणाले, “मला एकट्याला नाही जायचं. तू येशील?”

त्यांनी आरशात पाहिलं. निळी शाल आत्ता तिथे होती, आता नव्हती. नुसतं आभाळ आणि पांढरा पत्रा. शेडमध्ये प्रत्येक शनिवारी व्हायचं तसंच झालं.

मग हौद्याच्या पत्र्यावर थाप पडली. वझलवारांचा पाय ब्रेकवरच राहिला.

दुसरी थाप पडली, आणि त्यांनी गाडी पुढे घेतली.