सोफ्यावर बसून ऐकलेली नदी

कुणाचाही विश्वास बसणार नाही, पैज लावून सांगतो! महाडच्या मैदानात ढोल-सनईचा खालूबाजा असा वाजला, की तिकडे रायगडाखाली हिरकणीवाडीच्या रोपवेचा पाळणा ठेक्यात झुलायला लागला. ओट्यावर वडी चघळत बसलेली नात सेजल आत्ताच हसते आहे. हसू दे!

तर महाडच्या एका साप्ताहिकात विनीत मैफलींची परीक्षणं लिहायचा. पोलादपूरच्या दर्शनाताईंनी वाड्यावाड्यांतले सनई, ढोल, टिमकी, झांजवाले एकत्र आणून एक भलीमोठी रचना बांधली, ‘उगम ते खाडी’. सावित्री नदीचा अख्खा प्रवास! पहिल्या प्रयोगानंतर विनीतनं छापलं, ‘ढोलांचा नुसता गोंगाट. सनई बुडाली.’

घरात त्याच्या बायकोनं, रेश्मानं, पेपर त्याच्यापुढे टाकला.

“अहो, मुंबईला कामाला असलेले ढोलवाले म्हणतायत, नावं ठेवून घ्यायला रजा कोण काढणार? हैबतीकाका तर शनिवारचा प्रयोग झाला की सनई माळ्यावर टाकणार. वाद्यवृंद मोडतोय!”

“जे ऐकलं ते लिहिलं.”

“कुठून ऐकलंत? पाहुण्यांच्या सोफ्यावरून! ढोल तुमच्या गुडघ्याला टेकलेले. आणि शाल-नारळ हातात पडला की तुम्ही स्कूटरवर.”

“समीक्षकाला पुढेच बसवतात गं. मान असतो तो.”

“मान तुमचा आणि शिक्षा त्यांना? नुसता उंबरठा बघून घराला नावं ठेवलीत तुम्ही!”

विनीतनं पेपर उचलून आपलंच परीक्षण पुन्हा वाचलं. कान लाल झाले.

शनिवारी तो सोफा सोडून मैदानाच्या पार टोकाला, बांधावर जाऊन बसला. शेजारी शिवथरहून आलेली बनुबाई, हैबतीकाकांची बहीण.

“काय रे, आज सोफा मोडला काय?”

“सवय मोडतोय, मावशी.”

“मंग गप बस. मधी उठायचं नाय!”

ढोल सुरू झाले. गोंगाट कुठला! घाटातून पाणी उतरावं तसे ते उतरत आले, आणि त्यांच्यावर सनया तरंगत होत्या, सूर न् सूर स्वच्छ! मधे झांजा जरा रेंगाळल्या, तेही त्यानं टिपलं. नारळाची वेळ झाली. विनीत हलला नाही. आणि एकदम सगळे ढोल थांबले! नदी खाडीला मिळाली होती. उरली ती हैबतीकाकांची एकटी सनई.

“हे तुझ्या पेपरात नाय आलं रे,” बनुबाई पुटपुटली.

विनीतचे डोळे भरून आले. मग सारे ढोल पुन्हा उसळले, आणि अख्खं मैदान उभं राहिलं!

पुढच्या अंकात त्यानं लिहिलं, ‘मागच्या वेळी मी सोफ्याचं परीक्षण लिहिलं होतं, संगीताचं नव्हे. झांजा रेंगाळतात, हे खरं. पण ही नदी साऱ्या महाराष्ट्रानं ऐकावी!’ मुंबईवाल्यांनी पुढच्या प्रयोगाची रजा टाकली. सनई काही माळ्यावर चढली नाही.

म्हणून सांगतो मंडळी, मोठ्या कामातला दोष जरूर दाखवावा. पण ते पुरतं ऐकून, आणि जिथून पुरतं ऐकू येतं तिथं बसून! शेवटच्या ठोक्याला तर आंबेनळी घाटातली माकडं टाळ्या पिटत होती, या कानांनी ऐकलं...

“आबा, थापा!” सेजल ओरडली. “विनीतदादाच्या रिकाम्या सोफ्यावर तुम्हीच बसला होतात, आणि नारळ मिळाल्या मिळाल्या घरी आलात. त्याच नारळाच्या वड्या खातोय आपण!”