चार पोत्यांचं गणित

तिच्या नवऱ्याला एक कप चहा संपवायला अर्धा तास लागायचा. तो बुटांच्या नाड्या बांधायला बसला की शेजारचे कामावर पोचलेले असत. अशा माणसाबद्दल कंपनीच्या अहवालात लिहिलं होतं की त्याने घाईघाईने कॉस्टिक सोडा पाण्यात ओतला, द्रावण उकळून टाकीबाहेर आलं आणि तो भाजून गेला. सासूबाईंनी ती घाई मनाला लावून घेतली. पाच महिने त्या फोटोपुढे उभ्या राहून म्हणत, "एवढी कसली घाई झाली होती रे तुला?" आणि मग त्यांना जेवण जात नसे.

त्या अहवालाखाली तिने मान्य म्हणून सही केली की प्रकरण मिटणार होतं आणि कंपनीच्याच प्रयोगशाळेत तिला मदतनिसाची जागा मिळणार होती. त्यासाठी एक लेखी परीक्षा तेवढी द्यायची होती. बारावीनंतर तिने रसायनशास्त्राचं पुस्तक उघडलं नव्हतं. धाकटा दीर तिथेच पाळीप्रमुख होता. अहवाल लिहिला त्यानेच, जागेसाठी साहेबांच्या मागे लागला तोच, आणि दर रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिला उष्णतेची गणितं शिकवायला बसायचाही तोच. शिकवायचा मात्र अगदी जीव तोडून.

"वहिनी, वस्तुमान नुसत्या पाण्याचं धरू नका. त्यात जे विरघळलं तेही तापतं ना?"

ही चूक तिने तीन रविवार केली, चौथ्या रविवारी केली नाही. त्याला इतका आनंद झाला, जणू तोच पास झाला होता.

परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याला यायला उशीर झाला. पुस्तकातली सगळी गणितं सोडवून झाली होती. सहीचा कागद टेबलावर पडून होता, आणि त्यात आकडे होते. पाणी चारशे लिटर, तापमान तीस अंश, कॉस्टिक सोडा पंचवीस किलोची चार पोती. एवीतेवी बसलोच आहोत, तर हेही सोडवून बघू, म्हणून तिने पेन्सिल घेतली.

शंभर किलो म्हणजे अडीच हजार मोल. एका मोलमागे चव्वेचाळीस किलोज्यूल उष्णता, म्हणजे एकूण एक लाख दहा हजार. तापणारा माल पाचशे किलो. दर किलोला अंशामागे चार पूर्णांक दोन किलोज्यूल धरून भागाकार केला तर तापमान बावन्न अंशांनी वाढलं. तीस आणि बावन्न, ब्याऐंशी. उकळायला तर शंभर तरी हवेत.

ती स्वतःवरच चिडली. उद्या परीक्षा आणि एवढं साधं गणित जमू नये? तिने पुन्हा केलं, तरी ब्याऐंशीच. मुद्दाम जुनी चूक करून नुसतं पाणी धरलं, तर पंचाण्णव. पोती सावकाश ओतली असती तर मधल्या वेळात टाकी थोडी निवलीच असती. म्हणजे चारही पोती एकदम उपडी केली तरी ब्याऐंशीच्या वर जायची सोय नव्हती.

दीर आला तेव्हा तिने वही पुढे केली. "भाऊजी, माझं कुठे चुकलं बघा."

त्याने खिशातलं लाल पेन काढलं, ओळीवरून ओळ वाचली आणि सवयीने मोठी खूण केली. "कुठे चुकलंय? अगदी बरोब—" म्हणता म्हणता त्याची नजर वरच्या आकड्यांवर गेली. खूण करून झाली होती.

"मग ते उकळलं कसं?" तिने विचारलं.

"कधी कधी सोडा तळाशी साचतो. पाणी उडतं जरासं."

"जरासं? दवाखान्यात त्यांना मी बघितलंय, भाऊजी. गळ्यापासून पायापर्यंत. किती पोती होती?"

सासूबाई दाराशी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांचे हात थांबले.

"आठ," तो म्हणाला. "दुसरी टाकी बंद होती. दोन्हींचा माल एकीतच काढायचा होता. मावेना, म्हणून पाणी तीनशेवर आणायला लावलं."

"ते काही बोलले नाहीत?"

"म्हणाला, फार तापेल. मी म्हटलं, तुझं नेहमीचं रेंगाळणं पुरे, आटप लवकर."

मग सासूबाई म्हणाल्या, "पाच महिने मी त्याला बोल लावला." त्यांनी हातातला सदरा तसाच खाली ठेवला.

"आई, मला तुरुंगात घालतील."

त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

तिने सहीचा कागद उलटा केला. उद्याच्या परीक्षेला आता जायचं नव्हतं, हे तिला कळत होतं, आणि त्या नोकरीवाचून पुढे काय, हे अजिबात कळत नव्हतं. तिने पेन घेतलं आणि त्याने शिकवली तशी एकेक पायरी शाईने मांडली. आठ पोती, दोनशे किलो. पाच हजार मोल. दोन लाख वीस हजार. तापणारा माल पाचशे किलो. एकशे पाच अंशांची वाढ. तीस धरून एकशे पस्तीस. शंभराच्या आसपासच टाकी उकळून वर आली असणार. खाली तिने सही केली आणि कागद त्याच्यापुढे सरकवला.

"तपासून द्या."

त्याने आईकडे पाहिलं.

"बघतोस काय," आई म्हणाली. "तपास."

त्याने लाल पेन उचललं. एकही चूक सापडली असती तर तो सुटला असता. तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत दोनदा वाचत गेला. वस्तुमान तिने सगळ्या द्रावणाचं धरलं होतं.