दोन डोक्यांचा टी-शर्ट

टण्ण. बॉबिन मशीनवरून निसटली, फरशीवर एकदा उडाली आणि घरंगळत पलंगाखाली जाऊन गप्प झाली. मास्तरीणही जागच्या जागी गप्प. पलंगावरचं चार वर्षांचं बोचकं जरा हललं, एक पाय दुसऱ्यावर टाकला आणि पुन्हा घोरायला लागलं. दुपारची ही झोप म्हणजे मास्तरणीची खरी मालमत्ता. ती मोडली की मशीन बंद, कात्री उंच फडताळावर, आणि दोऱ्याच्या रिळांची आगगाडी घरभर.

मास्तरीण हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. मुलगी व्हायच्या आधी ती कपड्यांच्या कारखान्यात कापणी करायची, तिथे हे नाव चिकटलं. तिच्या हातचा कपडा म्हणजे अंगावर ओतल्यासारखा. माणूस दारातून आत येईपर्यंत तिच्या नजरेने त्याचा खांदा मोजलेला असायचा. मग मुलगी झाली, काम सुटलं, आणि तेव्हापासून तिने शिवलं ते उशांचे अभ्रे आणि पोरीचे फ्रॉक. हाताला गंज तर चढला नसेल ना, हे ती कुणाला विचारत नव्हती. स्वतःलाही नाही.

म्हणून नणंदेने काम आणलं, त्या दिवशी ती दोन घास कमीच जेवली.

नणंद कॉलेजात जाणारी, अंगाने इतकी किरकोळ की घरात सगळे तिला काडीच म्हणत. तिचा नाचाचा पाच जणांचा ग्रुप होता आणि मॉलच्या अंगणात त्यांची स्पर्धा होती. बाकीचे चौघं म्हणत होते, टी-शर्ट तयार घेऊ. काडी हटून बसली. "माझी वहिनी शिवेल. तिच्या हातचं एकदा घाला आणि मग बोला." नमुन्याचा एक टी-शर्ट मशीनवर टाकून ती बाहेर पळता पळता म्हणाली होती, "असा. पाचही सारखेच. ओव्हरसाइज्ड हं वहिनी. ढगळ. तुझं ते अंगाबरोबर नको."

मास्तरणीने तो टी-शर्ट टेबलावर पसरला. त्याचे खांदे टेबलाच्या दोन्ही कडांना टेकले. हा कुणाचा, ते तिने लगेच ओळखलं. ग्रुपमध्ये एक पहिलवान होता, दारातून जरा तिरका होऊनच आत यायचा. म्हणजे हा त्याच्या अंगाबरोबरचा, आणि आता यावर ढगळ करायचा. तिने सढळ हाताने ढील धरली आणि पाचही बेतले. कापड पुरेना, तेव्हा आणखी जाऊन आणलं. तरीही शंका आली नाही, कारण शिवण सरळ येत होती, बाहीचा मुंढा गोल येत होता, आणि तिला आतून गाणं म्हणावंसं वाटत होतं.

आज स्पर्धा. शेवटच्या गळ्याची पट्टी बसली आणि दारात चपलांचा ढीग पडला. काडी आली, मागोमाग चौघं आले, आणि बोचकं पलंगावर उठून बसलं. त्याला घरात बटण म्हणत.

काडीने वरचा टी-शर्ट उचलून डोक्यातून घातला. आणि खोलीतून काडी गेली. बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या, घेर पोटऱ्यांवर आला होता आणि गळा एका खांद्यावरून उतरून कोपराची वाट धरत होता.

"वहिनी," आतून आवाज आला, "मी कुठंय?"

सासूबाई कोपऱ्यात भाजी निवडत होत्या. त्यांनी चष्मा वर केला. "भाड्याने द्या गं. एक खोली आणि स्वयंपाकघर सहज निघेल."

"अगं, पण नमुन्यावरूनच..." मास्तरणीने पहिलवानाकडे पाहिलं. "तो ह्यांचा ना?"

"माझा आहे तो," काडी म्हणाली.

"तुझा? त्यात तू दोनदा मावशील."

"तेच तर ओव्हरसाइज्ड, वहिनी."

सासूबाईंनी देठ मोडला. "आम्हाला वाढत्या अंगाचे शिवायचे. हे नेमके कुणाच्या अंगाचे?"

कुणी हसलं नाही. उसवून, कापून पुन्हा शिवायला रात्र लागली असती, आणि स्पर्धा दिवेलागणीला होती. ग्रुपमधला चष्मेवाला हळूच म्हणाला, "तयार घेऊ म्हणत होतो आपण." काडीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण ती वहिनीबद्दल एक अक्षर बोलली नाही. मास्तरणीला तेच जास्त लागलं. रागावली असती तर बरं झालं असतं. गंज चढलाच म्हणायचा, तिने मनात म्हटलं आणि बोटातलं अंगुस्तान काढून ठेवलं.

"मला तर बरोबर झालाय," पहिलवान आरशासमोरून म्हणाला. सगळे वळले. त्याने दोन्ही हात वर केले, खाली घेतले, पुन्हा वर केले. "खरं सांगू? हात वर केल्यावर पोट उघडं न पडणारा हा माझा पहिलाच कपडा."

तेवढ्यात काडीच्या टी-शर्टचा घेर फुगला. आत काहीतरी वर सरकत होतं. काडीला गुदगुल्या व्हायला लागल्या, ती वाकडी झाली, आणि गळ्यातून तिच्या हनुवटीखाली दुसरं डोकं बाहेर आलं, केस विस्कटलेलं.

"आत्या, आले मी," बटण म्हणाली.

काडीने तिला आतूनच कडेवर घेतलं आणि तशीच चार पावलं नाचली. ग्रुपमधली कुरळ्या केसांची मुलगी हसता हसता खाली बसली. पहिलवानाने हसू दाबायला टी-शर्टचा कोपरा तोंडात धरला, तो त्याला पुरून उरला. काडी मध्येच थांबली. बटणाकडे पाहिलं, मग कुरळीकडे.

"ए, एकात दोघं नाचलो तर?"

कुरळी घेरातून आत शिरलीसुद्धा. थोडी झटापट झाली. मग आतूनच ती म्हणाली, "डोकं निघत नाहीये. गळा लहान आहे."

गळा लहान आहे. या टी-शर्टचा. मास्तरणीला हसूच फुटलं, असं की डोळ्यांतून पाणी. तिने खडू उचलला.

"उभ्या राहा नीट," ती म्हणाली, आणि तो आवाज कारखान्यातला होता. सासूबाईंनीही पाठ सरळ केली. "बटण, तू बाहेर. काडी, श्वास सोड. कुरळे, डावीकडे." खांद्यापासून खांद्यापर्यंत तिने एक लांबट रेघ ओढली. आजवर तिने चुकलेले कपडे आवळले होते. चुकलेला कपडा आणखी मोठा करायची ही पहिलीच वेळ. कात्री कापडात शिरली आणि न थांबता पार गेली. रेघेपासून एक धागाही सरकली नाही. तिने मुद्दाम पाहून घेतलं.

दोन गळे कापून, पट्ट्या बसवून झाल्या, तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं. दोन टी-शर्टमध्ये चौघं, तिसऱ्यात एकटा पहिलवान. उरले दोन. एक सासूबाईंनी घडी करून कपाटात टाकला. "गाऊन म्हणून घालीन. खिसा लाव म्हणजे झालं."

दुसऱ्यात बटण शिरली होती आणि निघायला तयार नव्हती. "तूपण ये," ती म्हणत राहिली. मास्तरीण आरशाकडे न बघता आत शिरली. बाळंतपणानंतर तिचे जुने कपडे एक तर कमरेला अडायचे, नाही तर छातीला. हा कुठेच अडला नाही.

मॉलच्या अंगणात गाणं सुरू झालं आणि दोन डोकी, चार पाय असलेले दोन अवाढव्य प्राणी डुलत डुलत आत आले. मध्ये पहिलवान, राजासारखा. लोक आधी बघत राहिले, मग हसू पसरत मागच्या रांगेपर्यंत गेलं. ठेका बदलला तसं एकेक डोकं गडप झालं, घेराखालून घसरत बाहेर आलं आणि दोनाचे चार झाले. शेवटी चौघांनी मिळून पहिलवानाच्या टी-शर्टात घुसायचा प्रयत्न केला. जागा नव्हतीच. तो त्यांना लोंबकळत घेऊन चालता झाला, आणि टाळ्यांत पुढचं गाणं कुणाला ऐकूच आलं नाही.

निकाल लागायचा होता. दुसऱ्या ग्रुपमधली एक मुलगी काडीला काहीतरी विचारत होती. काडीने गर्दीत बोट दाखवलं. "ती बघ. दोन डोक्यांची."

मुलगी धावत आली. "ताई, आम्हालाही शिवून द्याल? असेच हवेत. चुकून झाल्यासारखे."

"माप द्यायला या," मास्तरीण म्हणाली. "फक्त नमुना आणू नका."

मुलगी गेली. बटणाचा गरम गाल तिच्या गालाला चिकटला होता, आणि आत दोन छोटे हात गळ्याभोवती.

"आई, मी मोठी झाले तरी यात मावेन?"

"मावशील की."

"आणि तू?"

"मीपण."

बटण विचारात पडली. तिने आतून हात लांब करून टी-शर्ट एका बाजूला ताणून पाहिला, मग दुसऱ्या बाजूला, अगदी आईसारखं.

"नाही मावणार दोघी," ती म्हणाली. "मग बाहेर कोण जायचं?"