भरदुकानात उसवलेली टोपी

मी टोपी बोलतेय. लोकरीची, पट्ट्यापट्ट्यांची. माझ्याकडून दोन मायेचे शब्द ऐकायला मिळतील अशी आशा असेल, तर आधीच सांगते, तसलं माझ्याजवळ काही नाही. मला विणलं रागाने, उसवलं रागाने, आणि परत विणलं तेही रागानेच.

माझा जन्म लोकरीच्या एका गुंडीतून झाला. त्या गुंडीचा धागा कारखान्यातच रंगवलेला होता. बराच लांब निळा, मग तितकाच विटकरी, मग हळदीसारखा पिवळा, की पुन्हा निळा. विणणारीने नुसतं विणत जायचं, पट्टे आपोआप पडतात. धागा तोडायला नको, गाठ मारायला नको.

ही गुंडी धाकट्या सुनेने पिशवीच्या तळाशी लपवून घरात आणली. लपवायचं कारण म्हणजे थोरली सून. त्या घरात विणकाम ही थोरलीची जहागीर होती. बाजारातल्या एका दुकानाला दर थंडीत तीच टोप्या पुरवायची. तिच्या टोपीत रंग बदलला की धागा तोडलेला असे, नवा जोडलेला असे, आणि धाग्याच्या राहिलेल्या शेपट्या आतून अशा जिरवलेल्या असत की टोपी उलटी घातली तरी कुणाला कळू नये. मला ती बाई डोळ्यांसमोर नकोशी होते, पण तिच्या हाताला नावं ठेवायची माझी छाती नाही.

लग्न होऊन आली तेव्हा धाकटी तिच्याकडे शिकायला बसली होती. थोरलीने तिचे चार टाके पाहिले, सुया हातातून काढून घेतल्या आणि सासूबाईंच्या देखत म्हणाली, "हिला भाजी चिरू द्या. तेवढंच जमेल."

धाकटीने भाजी चिरली. ते वाक्य मात्र तिने गिळलं नाही, गालात धरून ठेवलं.

त्याच वाक्यावर मी वाढले. कपडे वाळत घालायच्या निमित्ताने ती गच्चीवर जायची आणि पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसून विणायची. टाके इतके आवळायची की सुई पुढे सरकायला तयार नसे. एकेक पट्टा उगवत गेला. शेंड्याला टाके कमी कसे करायचे, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. म्हणून तिथे तिने धागा ओढून तोंड आवळलं आणि गाठ मारली, पोत्याचं तोंड बांधावं तशी.

मग ती मला घेऊन सरळ गेली, थोरली टोप्या पुरवायची त्याच दुकानात.

दुकानदार म्हातारा, गोडबोल्या. त्याने मला बोटावर फिरवलं. "वा, वहिनी! इतके रंग? हाताने जोडलेत?"

धाकटी म्हणाली, "हो काका. एकेक रंग."

मी तिच्या मुठीतून नुकतीच सुटले होते. ती मूठ घामेजली होती, हे माझ्याशिवाय कुणाला कळलं नाही. दुकानदाराने मला दर्शनी काचेत लावलं आणि यंदाच्या सगळ्या टोप्यांचं काम धाकटीला दिलं.

थोरलीला हे कळलं ते तिची भरलेली पिशवी घेऊन दुकानात गेल्यावर. नेमकी तेव्हाच धाकटीही तिथे नव्या टोप्या द्यायला आली होती. दोघी एकाच घरात राहणाऱ्या, आणि एकमेकींना बघून दचकल्या.

थोरलीने मला काचेतून काढलं, उलटं केलं. बोटाने चाचपूनही आत जिरवलेली एकही शेपटी नाही.

"हाताने जोडलेत म्हणे. कुठे जोडलेत, दाखव."

"ताई, घरी बोलू आपण."

"घरी का म्हणून? खोटं इथे बोललीस ना?"

तिने गल्ल्याजवळची कात्री उचलली, शेंड्यावरची गाठ कापली आणि धागा ओढला. गिऱ्हाइकं सरकून जवळ आली. आधी शेंडा गेला, मग पिवळा, विटकरी, निळा, आणि शेवटी काठ. कुणाच्या तरी अंगावरचं कापड भर बाजारात फेडावं, तशी मी संपत गेले. ती ओढत होती, आणि मी जमिनीवर पडत होते.

"बघा काका! सबंध धागा एकच! रंग कारखान्याने घातलेत, हिने नुसत्या सुया हलवल्यात!"

दुकानदाराने मान खाजवली. "वहिनी, तुमचं म्हणणं खरं आहे. पण गिऱ्हाईक टोपी उलटी करून बघत नाही हो. आणि यांच्या टोप्या झटपट होतात."

काम धाकटीकडेच राहिलं. थोरली आपली पिशवी उचलून निघून गेली. तिला हरलेलं बघून मला बरं वाटलं, लपवत नाही. जिंकलेली धाकटी मात्र मान वर करू शकत नव्हती. खोटारडी म्हणून सगळ्या दुकानाने तिला पाहिलं होतं. तिने मला जमिनीवरून गोळा केलं.

घरात बोलणं बंद झालं. स्वयंपाक वेगळा झाला. "एका टोपीपायी घर फोडलंत गं!" सासूबाई म्हणाल्या. एका टोपीपायी! जणू मीच दोघींच्या कानाशी लागले होते.

उसवलेली लोकर कुरळी होते, धुतली की सरळ होते. धाकटीने मला तशीच, धुवायच्याही आधी, परत विणलं आणि थोरलीच्या खोलीत नेऊन तिच्यासमोर आपटलं.

"घ्या. उसवायची हौस आहे ना? उसवा अजून."

थोरलीने मला उचललं. दाबून पाहिलं. "शेंडा परत आवळलास. हा असा टिकणार नाही."

"मग करा तुम्ही नीट!"

"करतेच. माझ्या डोळ्यांदेखत असलं काम नको."

तिने फक्त शेंडा उसवला, टाके सुयांवर घेतले आणि दर फेरीला दोनदोन टाके एकत्र करत मला वर मिटत नेलं. धाकटी दारात हाताची घडी घालून उभी होती. बसली नाही, विचारलं काही नाही, पण तिची नजर सुयांवरून हलली नाही. पुढच्या टोप्यांचे शेंडे तिने तसेच विणले. थोरलीने ते दुकानाच्या काचेत पाहिले आणि घरी येऊन, धाकटीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "चोरटी!"

याला समेट म्हणणाऱ्यांनी त्या घरात एक दिवस राहून बघावं.

मला कुणीच ठेवून घेतलं नाही. थोरली म्हणते, विणली तिने. धाकटी म्हणते, शेंडा माझा नाही. दोन खोल्यांच्या मधल्या दारावर खिळा आहे, त्याला मी टांगलेली आहे. माझ्यावर धूळ बसते. येताजाता दोघी माझ्याकडे बघतात आणि एकमेकींकडे बघायचं टाळतात.

थंडी वाढली आहे. सासूबाईंचे कान पहाटे लालबुंद होतात. काल त्यांनी हळूच हात वर केला, मला खिळ्यावरून काढलं, गालाला लावलं. तेवढ्यात आत पावलं वाजली आणि त्यांनी मला घाईघाईने परत टांगलं. ही टोपी घातली तर कुणाची बाजू घेतली, यावरून नवा तमाशा होईल, ही धास्ती.

आजी, पुढच्या वेळी पावलं वाजली तरी हात मागे घेऊ नका. घाला मला. त्या दोघी ओरडतील. ओरडू द्या. मी तुमचे कान झाकीन.